स्वतःचं नाव विसरलेली आर्डिस

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या आमच्या हौशी नाटकमंडळीत आर्डिस क्वामी कित्येक वर्षं विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायची. दिवसा शाळेच्या स्वयंपाकघरात मोठाल्या पातेल्यांत बीफचं कालवण ढवळायची आणि संध्याकाळी आम्हा नटांना सांभाळायची. मला मिळालेल्या निम्म्या टाळ्या तिच्या कुजबुजीच्या आहेत. रंगमंचावर मात्र ती कधी आली नाही. "समोर माणसं दिसली की माझं डोकं रिकामं होतं," म्हणायची.

एका हिवाळ्यात वॉशिंग्टनहून फर्मान आलं. गाडी चालवायचा परवाना, आमच्याकडे तोच ओळखपत्र, सगळ्या राज्यांनी आम्ही सांगू तसाच द्यायचा, लोकांचे कागद साठवायचे, इतर राज्यांनाही ते बघू द्यायचे. नाहीतर मे महिन्यापासून तुमच्या परवान्यावर विमानात चढता येणार नाही. आमचं राज्य नकार द्यायच्या बेतात होतं. राजधानीत, हेलेनाला, सुनावणी ठेवली. आर्डिस म्हणाली, "मी बोलणार. नकार द्या म्हणून."

"मग अलास्काला कशी जाशील?" मी विचारलं. तिची लेक सोल्वेग तिकडे होती, मे महिन्यातच बाळंत होणार होती. पासपोर्ट काही आर्डिसकडे नव्हता.

"बघीन काहीतरी. माझे कागद कुठल्या परक्या माणसाने उघडून बसायचं, हे मला सोसायचं नाही."

सभागृह गच्च भरलेलं, बरेचसे आमच्याच गावचे. सुनावणीचा अध्यक्ष रॉय टेगन, तोही आमच्याच गावचा, म्हणाला, "नोंदीसाठी आधी नाव सांगा."

आर्डिस उभी राहिली आणि गप्प झाली. ओठ हलले, शब्द येईना. मागच्या रांगेतून मी हळूच म्हणालो, "आर्डिस क्वामी."

सगळे हसले. रॉयही हसला. "राहू द्या, आर्डिसबाई. लहानपणी शाळेत तुमच्याच हातचं जेवलोय. इथे तुम्हाला कोण ओळखत नाही?"

"मग तेच तर सांगायला आले होते," ती म्हणाली आणि खाली बसली.

नकाराचा कायदा झाला. आर्डिस एप्रिलमध्येच निघाली. आधी आगगाडीने किनाऱ्यापर्यंत, पुढे बोटीने. जन्मात समुद्र न पाहिलेली बाई. ती बोटीवर असतानाच बातमी आली, वॉशिंग्टनने मुदत वाढवली, जुन्या परवान्यावर विमान चालेल.

मेमध्ये तिचा फोन आला. "नात झाली. नाकावर आमच्याच घरचा शिक्का आहे."

मी म्हणालो, "येताना तरी विमानाने ये बाई."

"नको. बोटीवर माझी ओळख झालीय चिकार. आणि तू नाटकाचे संवाद पाठ कर, मी उशिरा येणार आहे."