सातव्या पानावरचा गुणाकार

आजवर कुणालाच सांगितलं नाही: माझ्या पीएचडीची मुख्य सिद्धता चुकीची आहे. रिंग म्हणजे बेरीज-गुणाकार चालणारी बीजगणितातली रचना; तिचा एक गुणधर्म, ती ज्यांच्यापासून बनते ते जनक घटक मर्यादित असतील तेव्हाच माहीत होता; मी तो अमर्याद जनकांपर्यंत नेला. पण त्यासाठी सातव्या पानावर अनंत घटकांचा गुणाकार केला, आणि रिंगमध्ये तसा गुणाकार होतच नाही.

श्रीरामपूरहून येणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीनं पहिल्याच महिन्यात तिथं बोट ठेवलं. "सर, हे घटक संपतच नाहीत, मग गुणायचे कसे?"

मी प्रबंध मिटून बाजूला सारला. "आधी पुस्तकं नीट वाचा, मॅडम."

ती ओशाळली. त्याच ओळीवर तिनं तीन वर्षांचं काम उभं केलंय. सावेडीत माझ्या घराच्या दारापाशी तिची स्कूटर थांबली, की अजून धडकी भरते.

तिचंच बरोबर होतं, हे सांगण्याचं देणं मी तिला लागतो.