आईच्या शेजारच्या सीटवरून सांगोला

चाळिशीतल्या लेकींनी आईला निवांत वेळ द्यावा, असं कुठंसं वाचलं आणि मी पुण्याहून सोलापूरला आईच्या दारात हजर झाले. यादी तयार होती: एकसारख्या साड्या, फोटो, हितगुज. आईने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "सांगोल्याला मावशीकडं जाऊ. गाडी मी चालवते."

बाबा गेल्यापासून सोलापुरी चादर पांघरून पडलेली गाडी तिने बाहेर काढली होती. त्रेसष्टाव्या वर्षी परवानाही मिळवला होता. मावशीचा मात्र विश्वास बसत नव्हता. म्हणून स्वतः गाडी चालवत मावशीच्या फाटकातून आत शिरायचं, एवढीच आईची इच्छा होती. मी मोठ्या समजूतदारपणाने किल्ली माझ्याकडेच ठेवली.

जाणाऱ्यांसाठी सांगते, आईच्या जुळे सोलापूर भागातून सकाळी सातला निघा. रस्ता चांगला आहे, दोन तास पुरतात. मंगळवेढ्यात चहा घ्या, पण पैसे द्यायला उठताना किल्ली टेबलावर ठेवू नका. मी परतले तेव्हा आई पट्टा लावून स्टिअरिंगमागे बसली होती.

पुढचा सगळा रस्ता मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होते. हळू चालव, ट्रक बघ, आरशात बघ. मी स्कूटी शिकताना तिने म्हटलेलं सगळं तिला परत केलं. मेंढरं आडवी आली, तिने शांतपणे गाडी थांबवली. मेंढपाळाने माझ्याकडे बघत विचारलं, "ह्या बाई का एवढ्या भ्याल्यात?"

"तिला सवय नाही," आई म्हणाली.

फाटकातून ती झोकात शिरली, पण मावशी नेमकी मागे डाळिंबाच्या बागेत. ती येईपर्यंत आम्ही उतरलो होतो. तिने माझ्याच पाठीवरून हात फिरवला. "लई लांब गाडी चालवलीस की बाई."

आईचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं. आईने चालवली, असं मी सांगितलं तर मावशी हसायला लागली. आई गाडीत बसली, मागे घेत फाटकाबाहेर गेली आणि पुन्हा आत आली. तिसऱ्या फेरीला मावशी तिच्या शेजारी होती.

कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही असं जेवून निघालो. या वेळी मी किल्ली मागितली नाही. डोळे उघडले तेव्हा गाडी घरासमोर उभी होती, इंजिन बंद, काचा अर्ध्या खाली. पोचून अर्धा तास झाला होता म्हणे.

पुण्यात बॅग उघडली तर दोन्ही साड्या घडीतच होत्या. हितगुजही राहिलं. पण लग्नानंतर इतकी गाढ झोप मला पहिल्यांदाच लागली होती. उठवलं का नाहीस, असं मी तिला तेव्हाच विचारलं होतं.

"उद्यापासून पुन्हा तुझं घर तुलाच चालवायचंय की," ती म्हणाली होती.