ताणलेली दोरी, न सोडलेला बाण

मंडळी, आज सकाळची देऊळघाटची गोष्ट. मी तिथं नवशिक्यांना धनुष्यबाण शिकवते.

नवीन आलेले गजाननभाऊ म्हणाले, "ताई, मले रानडुकरं मारायची हायेत."

"शिकार गुन्हा हाय भाऊ. इथं फक्त टार्गेट."

त्यांनी दोरी ताणली आणि बकरीमागे धावत एक बाई टार्गेटच्या मागे आली.

"थांबा, सोडू नका!" मी ओरडले.

मी आधी सराव करून घेतला होता तसं भाऊंनी बाण न सोडता दोरी हळूहळू सैल केली. मग खालीच बसले.

"ताई, वावरात डुकरामांगं कोनी असतं, तं मले दिसलं असतं काय?"

नेम धरायला शिकण्याआधी दोरी सैल करायचा सराव करा. तुमच्याकडे हे शिकवतात का?