पत्तीखालची फट

विक्रम तिसऱ्यांदा जिना चढून आला, तेव्हा देवरावांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. त्याच्या हातातल्या डबीकडे पाहिलं आणि ते मनातून खचले. तोच माउथ ऑर्गन. महिन्यात तिसरी फेरी.

"राग नका मानू काका," विक्रम म्हणाला, "हलकं वाजवलं त एकदम मस्त. पण जोर लावला का पत्ती अटकून राहिली. सूरच बंद होते."

"तू वाजवून राहिला का सायकलीत हवा भरून राहिला?"

विक्रम कसनुसं हसला. बँकेतला माणूस, स्वभावाने गरीब. सक्करदऱ्याच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि रविवारी त्याचा कार्यक्रम होता. आज गुरुवार. जाताना दारात चपला घालत तो हळूच म्हणाला, "नसंन जमत त सांगून द्या काका. तुमचंही वय झालं आता." वाईट हेतूने म्हणाला नाही. पण लागायचं ते लागलंच.

देवराव एकोणसत्तर वर्षांचे. जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात गेला. छापखाना बंद पडला आणि हातांना काही काम हवं म्हणून ते लोकांचे माउथ ऑर्गन, म्हणजे बाजे, दुरुस्तीला घेऊ लागले. आता अख्खं नागपूर त्यांना बाजावाले काका म्हणतं. खिडकीपाशी एक टेबल, घड्याळजीचा पेचकस, डोळ्याला लावायचं भिंग, अर्धं तोडलेलं दाढीचं पातं. एवढाच संसार. त्यावर पंचवीस वर्षं निघाली.

हे काम दिसायला पोरखेळ आहे, आणि बघणाऱ्याला तसंच वाटतं. बाजा उघडला की आत दोन पितळी पाट्या, त्यांच्यावर बारीक बारीक पत्त्या. प्रत्येक पत्तीचं टोक पाटीपासून केसभर वर उचललेलं असतं. सगळी गंमत त्या केसभर फटीत. फट कमी ठेवली तर पत्ती फुंकरीसरशी बोलते, पण जोराने फुंकलं की खाली दबून गप्प होते. फट जास्त ठेवली तर जोरवाल्याचं भागतं, कमी दमाच्या माणसाची नुसती हवा जाते. म्हणून दुकानातला बाजा कोणालाच धड बसत नाही. देवराव काय करत, तर गिऱ्हाइकाला समोर बसवून दहा मिनिटं वाजवायला लावत. त्याचा दम ऐकून घेत. मग तो गेल्यावर एकेक भोक त्याच्यासारखं स्वतः फुंकत आणि पात्याने पत्ती उचलत किंवा बसवत. कागद नाही, माप नाही, मशीन नाही. स्वतःची छाती हेच माप.

आणि नेमकं तेच आता जमत नव्हतं. विक्रम एकटा असता तर त्यांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण महालातला एक शिक्षक परत आला, वाडीचा एक ड्रायव्हर परत आला, आणि सगळ्यांचं रडगाणं एकच. देवरावांनी आधी नव्या पितळेला शिव्या दिल्या. मग आजकालच्या वाजवणाऱ्यांना. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. रात्री पडल्या पडल्या मात्र त्यांना खरी भीती वाटायची: हात गेला. हात गेला तर या टेबलाशी बसून करायचं काय? सुनेने आणलेला भाजीपाला निवडत बसायचं?

त्या गुरुवारी त्यांनी कपाटातून स्वतःचा बाजा काढला. पंधरा वर्षांपूर्वी स्वतःसाठी लावलेला, नंतर क्वचितच हात लागलेला. त्यातली फट बघायची आणि विक्रमच्या बाजाशी ताडून बघायची, एवढाच विचार. ओठाला लावून त्यांनी दुसरं भोक फुंकलं. नुसती हवा. तिसरं फुंकलं. हवाच. धूळ असेल म्हणून उघडला, ब्रशने झाडला, स्पिरिटने पुसला, भिंगाखाली एकेक पत्ती पाहिली. कुठेही काही खोट नव्हती. पुन्हा फुंकला. हवा.

सात वाजता दीप्ती आली. ही त्यांची सून. वाडीच्या गोदामात दिवसभर बिलं फाडते आणि अख्खं शहर ओलांडून स्कूटीने घरी येते. नवरा प्रशिक पुण्याला, दोन महिन्यांतून एकदा येणार. तिने पर्स खुर्चीवर टाकली आणि तिथेच बसली.

"दीप्ती, हे दुसरं भोक फुंक जरा."

"बाबा, मी थकली हो. आणि मले कुठं वाजवता येते?"

"वाजवू नको. फुंक फक्त."

तिने कंटाळत फुंकलं. सूर असा खणखणीत निघाला की तीच दचकली.

"तिसरं फुंक." तेही बोललं. देवरावांनी बाजा घेतला, बाहीला पुसला, ओठाला लावला आणि छातीत होता नव्हता तेवढा दम लावला. फुस्स. खोकला आला तो वेगळाच.

हात गेला नव्हता. हाताने पंचवीस वर्षं छातीचंच ऐकलं होतं आणि आताही तो इमानदारीने तिचंच ऐकत होता. छाती आटत गेली, तशी फट आटत गेली. जो येईल त्याचा बाजा देवराव स्वतःच्या म्हाताऱ्या दमाला बसवून देत होते. हे कळलं आणि त्यांना रडूच आलं. सुनेसमोर रडायची त्यांना लाज वाटली नाही, इतके ते दमले होते.

दीप्ती म्हणाली, "जिन्याच्या वळणावर थांबून तुम्ही मोबाईल काहून पाहता, ते आता समजलं. मले वाटे, कोणाचा मेसेज असंन."

"बंदच असते तो मोबाईल."

"सोमवारी सुट्टी टाकते. दवाखान्यात जाऊ."

"जाऊ," देवराव म्हणाले. एरवी नाही म्हणाले असते.

शुक्रवारी संध्याकाळी ती पुन्हा त्या खुर्चीवर बसली. दुपारी विक्रमने फोनवर आपला दुसरा बाजा वाजवून दाखवला होता, त्याचा जोर देवरावांच्या कानात होता. "इतकं नाही, अजून. हं, आता एवढंच धर," असं सांगत त्यांनी तिच्याकडून भोकामागून भोक फुंकून घेतलं, मग हवा आत ओढून वाजवून घेतलं. पातं पत्तीखाली जायचं, यायचं. मध्ये तिला गरगरलं तेव्हा दोघांनी चहा घेतला. कुकर लावायला नऊ वाजले. तिने एकदाही कुरकुर केली नाही आणि त्याचंच देवरावांना जास्त ओझं झालं.

शनिवारी विक्रम आला. उभ्या उभ्या त्याने पूर्ण जोर लावून वाजवलं. खालचे सूर, वरचे सूर, पुन्हा खालचे. एकही पत्ती दबली नाही. त्याचा चेहरा उजळला.

"पाहा, मी उगाच घाबरलो. हात तोच आहे काका तुमचा."

मान डोलावली असती तर भागलं असतं. कोणाला कळणार होतं?

"हात माझाच आहे गा," देवराव म्हणाले, "दम सुनेचा आहे. पुढच्या वेळी आला त सातच्या नंतर ये. तोवर ती घरी येते."