ब्रिजखालचा ठसा

माझा धाकटा भाऊ गेल्यावर त्याची गिटार आईशी बोलायला लागली. असं आई म्हणायची, आणि खरं सांगायचं तर तो आवाज मीही ऐकलाय.

आम्ही दोघी करंजाड्याला राहतो. सरकारी प्रकल्पात गावातली जमीन गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्यात आम्हाला घर आलं. भावाला ते घर फार दिवस लाभलं नाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होता. साधा ताप म्हणून अंगावर काढला, डेंग्यू निघाला, आणि आठवडाभरात सगळं संपलं. त्याची गिटार हॉलमध्ये खिडकीजवळच्या स्टँडवर होती, ती तिथेच राहिली. आई तिच्यावरची धूळ पुसायची, पण दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. तारा गंजून काळ्या पडल्या.

आईचा आवाज खडा. तरुणपणी मिठागरावर काम केलेलं, या बांधावरून त्या बांधावर हाक पोचवायची सवय. ती स्वयंपाकघरातून मला हाक मारायची आणि हाक विरली की खिडकीजवळून बारीक, लांबट ‘हूंऽऽ’ यायचं. मग तेही विरायचं.

“ऐकलंस? ओ दिली त्यानं,” आई म्हणायची.

मी तिला समजावलं. “अगं, तुझ्या आवाजाने तार हलते. तुझा सूर आणि तिचा सूर जुळला की ती आपोआप वाजते.”

“मग? आमचं तसंच तं होतं,” ती म्हणाली.

मला मात्र ते सहन व्हायचं नाही. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर चप्पल काढताना मी खोकले तरी कोपऱ्यातून काहीतरी हलायचं. एकदा मी तारांमध्ये नॅपकिन खोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो घडी करून माझ्या उशीवर ठेवलेला होता.

मग काही वर्षांनी एका मे महिन्यात, भर दुपारी, ऑफिसात आईचा फोन आला. “घरी ये. त्याचं काय तरी मोडलं.”

मी रिक्षा करून आले. आई गिटारसमोर जमिनीवर बसली होती. तारा जिथे अडकवतात तो लाकडी पट्टीसारखा ब्रिज पार उखडून तारांना लोंबकळत होता. त्याच्याखालची फिकट, न रंगवलेली जागा उघडी पडली होती. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला म्हणे. आई तेव्हा डोळे मिटून पडली होती. “मी काय बी बोलले नवते,” ती पुन्हा पुन्हा सांगत होती. “हाक बी मारली नवती.”

त्यानंतर घर फार शांत झालं. आई मला हाक मारायची बंद झाली. काही हवं असलं की दारात येऊन उभी राहायची. ती शांतता मला आधीच्या आवाजापेक्षा जड वाटायला लागली. शेवटी मी भावाच्या मित्राला फोन केला. दोघं कॉलेजात एकत्र वाजवायचे. तो आता सुकापूरला एका खोलीत गिटारचे क्लास घेतो आणि दुरुस्तीही करतो. भाऊ गेल्यापासून तो आमच्याकडे फिरकला नव्हता.

त्याने काय मोडलंय ते विचारून घेतलं. मग म्हणाला, “ताई, मावशींनाही घेऊन या.”

आईने गिटार शालीत गुंडाळली आणि रिक्षात मांडीवर आडवी धरली. त्याने ती टेबलावर घेतली, गिटारच्या पुढच्या फळीवरून हात फिरवला. मग एक सुटी तार दोन हातांत ताणून करंगळीने छेडली. जेमतेम टिंग झालं.

“मावशी, तारेचा स्वतःचा आवाज एवढाच. ती या पांढऱ्या पट्टीवर टेकते, हिला सॅडल म्हणतात. सॅडल ब्रिजमध्ये बसते आणि ब्रिज फळीला चिकटलेला असतो. तार थरथरली की ब्रिज फळीला हलवतो. आपण ऐकतो ती फळी.”

“मग हा उखडला कशानं?”

“तारा ब्रिजला सारख्या ओढत असतात. वाजवा, नाहीतर नका वाजवू. त्यात उन्हाने गोंद मऊ पडतो. कुणी सैल केल्या नव्हत्या ना?”

कुणीच केल्या नव्हत्या.

“म्हणजे इतकी वर्षं ओढतच होत्या,” तो म्हणाला.

“दमला आसंल,” आई म्हणाली.

त्याने तारा कापल्या आणि ब्रिज उलटा करून खिडकीकडे धरला. तसाच थांबला. “ताई, जरा इकडे या.”

ब्रिजच्या मागच्या कडेला, खालच्या बाजूला, वाळलेल्या पांढऱ्या गोंदाचा थर होता आणि त्यात अंगठा उमटला होता. रेषा न् रेषा दिसत होती.

तेव्हा मला आठवलं. पहिल्यांदा ब्रिज थोडा उचलला गेला, तेव्हा भावाने सुताराचा गोंद आणून स्वतःच फटीत सारला होता आणि वजन म्हणून वर आईचा वरवंटा फडक्यात गुंडाळून ठेवला होता. आई चटणी वाटायला वरवंटा शोधत फिरत होती आणि हा गॅलरीत बसून हसत होता. कडेला फट राहिलीच असणार. गोंद तिथे लाकडाला न टेकता वाळला आणि त्याचा अंगठा तसाच राहिला.

“हे असंच ठेवता येईल?” मी विचारलं.

“मग ब्रिज बसणार नाही. जुन्या गोंदावर नवा धरत नाही. लाकडाला लाकूड भिडलं पाहिजे.”

मी मोबाइलवर फोटो काढायचा प्रयत्न केला. नुसती चमक आली. आईने ब्रिज हातात घेतला आणि आपला अंगठा त्या ठशावर ठेवला. तिचा अंगठा मोठा होता. ठसा त्याखाली झाकून गेला. ती कितीतरी वेळ तशीच उभी होती.

“ह्यो काढल्याबिगर तो बोलणार नाय?”

“नाही, मावशी.”

“मग काढ.”

त्याने खरवडायचं पातं उचललं आणि खाली ठेवलं. “मला नाही जमणार.”

आईनेच पातं घेतलं. टेबलाला टेकून, सुकी मासळी साफ करावी तशी ती सावकाश खरवडत गेली. “हळू मावशी, फक्त गोंद,” तो मधूनमधून म्हणत होता. खाली पडलेले पांढरे कण तिने बोटाने गोळा केले आणि पदराच्या टोकात बांधले. ती रडली नाही. रडलो आम्ही दोघं.

त्याने ब्रिज चिकटवून शिकंज्यात धरला. काही दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. नव्या तारा चढल्या होत्या. जुनी सॅडल त्याने मला दाखवली.

“ही त्याने घासून खाली केली होती. तारा जवळ आल्या की बोटं दुखत नाहीत, पण जोरात वाजवलं की त्या खणखणतात. उंच ठेवली तर आवाज भरतो, पण दाबायला जोर लागतो. आता कुणाच्या हाताला बसवू?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“हिच्या,” आई म्हणाली.

“मला वाजवता येत नाही गं.”

“शिक मग.”

त्याने मधली उंची धरली आणि वाजवायला घेतलं. आवाज खोल होता, भरलेला, आमच्या घरात कधी न ऐकलेला. आईचा चेहरा ताणला गेला.

“ह्यो त्याचा नाय,” ती म्हणाली. तो वाजवायचा थांबला. मग आई पुढे वाकली आणि फळीला कान लावला. “वाजव परत.” त्याने वाजवलं. “त्याचाच हाय,” ती म्हणाली. “मोठा झालाय.”

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातून मला हाक मारली. काहीच आलं नाही. इतक्या वर्षांत आपोआप जरा उतरलेल्या तारांचा सूर तिच्या आवाजाशी जुळला होता. आता तारा सुरात लागल्या होत्या. तिने पुन्हा हाक मारली, थोडी थांबली आणि भाकरी थापायला लागली.

मी शनिवारी तीच गिटार घेऊन त्याच्या क्लासला जाते. बोटांची टोकं सोलवटून घट्ट झालीत. मागच्या खेपेला मी एक साधा ठेका वाजवत होते. त्याने मला मध्येच थांबवलं. “तिसऱ्या ठोक्याआधी हात किंचित अडखळतो तुमचा. हे कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. का?”

तो ब्रिजकडे बघत राहिला. “तो असाच अडखळायचा. खरं म्हणजे चूक आहे ती.”

त्याने ती दुरुस्त केली नाही. “पुन्हा वाजवा, ताई,” एवढंच म्हणाला.