बतूलची वीत

खांदेश्वरला इसाकच्या बैठ्या घरामागे पत्र्याचं छप्पर आहे. त्याला तो कारखाना म्हणायचा आणि त्याची बायको बतूल उकिरडा म्हणायची. इसाक जातिवंत सुतार. न्हावा शेव्याला मालाच्या पेट्या ठोकण्यात उमर गेली, आता घरीच लोकांचे पाट, स्टुलं, दारं दुरुस्त करतो. पुरुषमाणसाला लाकूड कापायची भारी हौस; उरल्या तुकड्याचं काय करायचं ते मात्र कधी सुचत नाही. ते बतूलने बघितलं. सागाचे तुकडे निळ्या पिंपात उभे, फणसाचे तेलाच्या डब्यात, लांब पट्ट्या वर वाशांवर आडव्या. नियम एकच. तुकडा वीतभर भरला तर ठेवायचा, कमी पडला तर अंघोळीच्या बंबात.

यावरून रोजची जुंपायची. इसाकचा पंजा सुपाएवढा. त्याच्या वितेला कमी पडलेला तुकडा तिच्या वितेला पुरून उरायचा.

"वीत धरायची कोणाची?"

"ज्याच्या हातात झाडू, त्याची," बतूल म्हणायची. संपला विषय.

मग बतूलच गेली. जमातीत कोणाचंही मयत झालं की कबरीत आडव्या घालायच्या फळ्या इसाकच कापायचा. हिच्याही त्यानेच कापल्या. "राहू दे, दुसरा कोणी कापेल," लोक म्हणाले. त्याच्या कानात शिरलं की नाही कोण जाणे. फळ्या मापापेक्षा जरा लांब ठेवून न्यायच्या आणि कबरीपाशी मापाला छाटायच्या, तशा त्याने छाटल्या. छाटलेले तुकडे तिथेच टाकून यायचे असतात, घरी कोणी आणत नाही. पण कामावरचा तुकडा दुसऱ्याच्या दारात सोडू नका, हे बतूलने जन्मभर बजावलेलं. हात आपला आपण चालला. तुकडे पिशवीत आले आणि पिशवी छपरातल्या खिळ्याला लागली.

तिसऱ्या दिवसाची जियारत झाली, पाहुणे पांगले. लेक तस्नीम तेवढी सासरहून येऊन राहिली. इसाक स्टुलावर बसून असायचा. रडला नाही. एकदा तस्नीम डाळीत मीठच विसरली, तर तो वाटी पुसून जेवला.

"कशी झाली होती, अब्बा?"

"बरी होती."

एका सकाळी शेजारचा गोटीराम आला.

"इसाकभाय, दाराला पाचर दे रे. वाऱ्यानं आपटतंय आनि सून म्हनते, मामंजी रागानं आपटतात."

इसाक उठेना, म्हणून त्याने स्वतःच खिळ्यावरच्या पिशवीत हात घातला. "ह्यो बरा हाय."

"ठेव तो."

"अरं, तुकडा तर हाय!"

"ठेव म्हटलं ना."

गोटीरामने तुकडा नीट बघितला. मातीला तोही आला होता. त्याने तुकडा हळूच परत पिशवीत ठेवला. "असलं घरात नको ठेवू, भाय. बंबात घाल, मोकला हो."

तो गेल्यावर इसाकने तुकडे काढून त्यावर वीत ठेवली. कमी पडले. बोट बोट कमी. म्हणजे नियमानेही बंबातच. लाकूडच ते. तो बंबापाशी जाऊन बसला आणि काडी ओढली.

"अब्बा, हे काय जाळताय?" तस्नीम मागे उभी. तुकडे तिनेही ओळखले.

"वितेला कमी पडतायत."

ती खाली बसली. अंगठा एका टोकाला लावला, करंगळी ताणली. लाकूड करंगळीच्या पुढे उरलंच. इसाक त्या हाताकडे बघत राहिला. तीच आखूड बोटं.

"भरतायत की."

"तुझी वीत कशाला?"

"मग आता झाडू कोण मारतंय?"

काडी बोटाशी आली तेव्हा त्याने ती फुंकून टाकली.

तुकडे ठेवायचे कुठे? ना साग, ना फणस. तस्नीमने रिकामा डबा पुसून आणला. इसाकने ते त्यात उभे केले आणि डबा पिंपाशेजारी सरकवला. मग पिंपातून सागाचा तुकडा काढला आणि गोटीरामची पाचर कापायला घेतली.

भुसा पायाशी पडू लागला. तस्नीम झाडू आणायला आत गेली.