घोडीचे चार पाय आणि आईचा डबा

सात वर्षं मी स्नायपर टीमबरोबर होतो आणि माझी एकही गोळी टार्गेट सोडून इकडे तिकडे गेली नाही. जाणार कुठून, मला बंदूक कुणी दिलीच नव्हती. मी टार्गेट वाहायचो.

मंडळातल्या काकू म्हणाल्या, "आमची मुलं आता एनएसला, त्या सक्तीच्या लष्करी सेवेला निघालीत. तू आर्मीत होतास ना? लिही काहीतरी, आम्हाला धीर येईल असं." काकूंनी माणूस चुकीचा धरला. आईबाबा दोघं बँकेत, आणि मी आकडे दिसले की पाणी प्यायला उठायचो. परीक्षा म्हणून जे काही सिंगापुरात असतं त्या सगळ्यात मी आपटलो. मराठी शिकलो ती आईच्या ओरडण्यातून. एनएस संपली, बाहेर कुणी नोकरी देईना, म्हणून आर्मीतच राहिलो. हळूहळू थर्ड सार्जंट झालो. म्हणजे सार्जंटांच्या रांगेत शेवटून पहिला.

माझं काम लोखंडी प्लेटा उभ्या करायचं. लांबच्या नेमबाजीला कागदाचं टार्गेट चालत नाही. सहाशे मीटरवरून भोक कुणाला दिसणार? लोखंडाला गोळी लागली की टण् वाजतं, विषय संपला. आमची रेंज एका बेटावर. तिथे कायमचं काही बांधलेलं नाही, सकाळी बोटीने सगळं न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं. म्हणून स्टँड सुटे होते. वर लोखंडी सांधा, त्यात लाकडाचे चार पाय खोचायचे, मध्ये आडवा बार, त्याला रबरी पट्ट्याने प्लेट बोल्ट करायची. सुताराची घोडी असते ना, तशी. मी तिला घोडीच म्हणायचो. तिला खांद्यावरून मीच नेत असल्यामुळे खरं जनावर कोण, हा प्रश्नच नव्हता.

पाय लाकडाचे का, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं. आमचे एन्सिक लिम म्हणाले, "पाय तुटला, पाय बदल. लोखंडी पाय ठेवलास तर गोळी उलटी येते, मग तुला बदलावं लागतं." एन्सिक म्हणजे वॉरंट ऑफिसर. नवीन पोरं कर्नलला कमी आणि एन्सिकला जास्त घाबरतात.

एन्सिक लिमचा एक नियम होता. प्लेटने मान खाली घातली पाहिजे. वरचा काठ नेमबाजाकडे झुकलेला, म्हणजे फुटलेल्या गोळीचे तुकडे जमिनीत जातात. प्लेट आभाळाकडे बघत असेल तर तुकडे कुठेही उडतात. "लीन बॅक, नो शूट," एवढंच ते म्हणायचे. त्यावर वाद नाही.

तर तो दिवस. स्नायपर कोर्सचा शेवटचा दिवस. सगळे पास झाले होते, एक कॉर्पोरल फरीद राहिला होता. आदल्या आठवड्यात तो तापाने आजारी होता, त्याची शेवटची टेस्ट बाकी. सहाशे मीटर, दोन गोळ्या, त्यातली एक तरी लागली पाहिजे. नाहीतर कोर्समधून बाहेर, परत जुन्या कंपनीत स्टोअरमध्ये मोजे मोजायला. फरीद लहानपणापासून स्नायपर होण्याशिवाय दुसरं काही मागत नव्हता. सकाळी बोटीत तो रिकामी बंदूक परत परत पुसत होता. मी त्याला धीर द्यायला म्हणालो, "फरीद, टेन्शन नको. नापास झाल्यावर काही होत नाही, माझ्याकडे बघ." तो माझ्याकडे बघून आणखी पांढरा पडला.

दुपारी त्याचा नंबर आला आणि रेडिओवर कॅट वन आलं. कॅट वन म्हणजे विजेचा इशारा. सगळं बंद, सगळे छपराखाली. मी टार्गेटजवळच्या बंकरमध्ये होतो, तिथेच बसलो. बेटावरचा पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. इशारा उठला तेव्हा बोट निघायला अर्धा तास उरला होता आणि बाहेर नुसता चिखल झाला होता.

रेडिओ खरखरला. "साठे, टार्गेट कसंय?"

बाहेर जाऊन बघितलं. घोडीचे मागचे दोन्ही पाय रुतले होते आणि प्लेट मान वर करून आभाळाकडे बघत होती.

"एन्सिक, लीन बॅक."

"सरळ कर."

मी पाय उपसून काढले, परत रोवले. परत रुतले. खाली दगड घातले, दगड गेले. वाळूची पिशवी घातली, तीही गेली. मी घोडीला टेकून उभा राहिलो तर मीही चाललो.

"एन्सिक, चिखल सगळं खातोय."

"पायाखाली सपाट काहीतरी घाल. काय आहे तुझ्याकडे?"

"रेडिओ. फर्स्ट एड. छत्री नाही."

"आणखी?"

"... जेवण."

"जेवण कशात?"

आता सांगतो. आमची आई मला आर्मीतही डबा द्यायची. कुकहाउसचं जेवण मिळतं म्हटलं तरी द्यायची. चार पुडांचा, स्टीलचा, आजीच्या वेळचा, जाड पत्र्याचा. पोरं हसायची आणि अर्धं तीच खायची. त्या दिवशी मी तो लपवून बंकरमध्ये नेला होता.

"स्टीलच्या डब्यात, एन्सिक. चार आहेत."

रेडिओ खरखरला. मग, "घोडीला पाय किती?"

"चार."

"मग वाट कसली बघतोस, लाह?" लाह म्हणजे सिंगापूरचं 'रे'.

आता काकूंनो, तुम्हीच सांगा. डबे भरलेले. एकात थालीपीठ, एकात मटकीची उसळ, एकात भात, एकात बेसनाचे लाडू. ओतायचं कुठे? आईने घरात अन्न टाकू दिलं नव्हतं कधी, आणि चिखलात तर तिला हौगांगच्या घरी बसून कळलं असतं. मी खायला बसलो.

"साठे, झालं?"

"एन्सिक, दोन झाले."

"दोन पाय?"

"दोन डबे. खातोय."

पुढे एन्सिक जे बोलले ते त्यांच्या चिनी बोलीत, हॉकियनमध्ये होतं. अर्थ मी आजवर कुणाला विचारलेला नाही.

चारही डबे पालथे घालून प्रत्येक पायाखाली एक ठेवला. मागच्या दोन्हींखाली अजून चिखल दाबला. घोडी उभी राहिली. प्लेटने मान खाली घातली, शाळेत मी घालायचो तशी. मी उरलेले लाडू हातात घेऊन बंकरमध्ये पळालो.

"टार्गेट रेडी, एन्सिक."

पहिली गोळी. काही नाही. मागच्या मातीत धप्प. पावसानंतर वारा फिरला होता. रेडिओवर मला फरीदचा श्वास ऐकू येत होता, किंवा माझाच असेल. बोटीने एकदा भोंगा दिला.

एन्सिक त्याला हळू आवाजात म्हणाले, "वारा थांबू दे. बोट थांबेल. मी थांबवतो."

कितीतरी वेळ काहीच नाही. मला ताण आला की मी खातो. एक अख्खा लाडू तोंडात टाकला.

टण्.

असा आवाज मी सात वर्षांत ऐकला नव्हता. देवळातली घंटा म्हणा. घोडी हलली, डब्यांवर परत बसली, पडली नाही.

"साठे! हिट?"

हिट सांगायचं काम माझं. एका शब्दाचं काम. तोंडात बेसन.

"साठे! हिट ऑर नो हिट?"

"म्म्फ!"

"हिट," रेडिओवर मागून फरीदचाच आवाज आला. "एन्सिक, मी ऐकलं." आणि तो रडायला लागला. रेडिओचं बटण दाबलेलंच होतं त्याचं.

डबे परत मिळाले नाहीत. एन्सिक म्हणाले, पायांखाली घालायला आर्मीने नंतर दिलेल्या लाकडी पाट्यांपेक्षा हे चांगले. दर पावसाळी रेंजला ते माझ्या आईचे डबे न्यायचे. मी मागितले की म्हणायचे, "रेंज अजून संपलेली नाही." घरी मी रोज ऐकून घ्यायचो. आईने मला प्लॅस्टिकचा डबा दिला, तोही मी बसमध्ये विसरलो.

मी आर्मी सोडली, एन्सिक रिटायर झाले. गेल्या वर्षी ते गेले. आजारी होते, कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकमध्ये, अंत्यदर्शनाला येणाऱ्यांसाठी चिनी रिवाजाप्रमाणे पांढऱ्या कापडाखाली गोल टेबलं लावली होती. शेंगदाणे, कागदी खोक्यातलं सरबत, आणि सगळ्या वयाची माणसं, सगळी एकेकाळी त्यांनी झापलेली. फरीद युनिफॉर्ममध्ये आला. तो आता स्वतः वॉरंट ऑफिसर आहे, पोरं त्यालाच एन्सिक म्हणतात. आम्ही दोघं फोटोसमोर सरळ उभे राहिलो. फोटोतसुद्धा ते हसत नव्हते.

निघताना मिसेस लिमनी एक पिशवी दिली. "माय हजबंड से गिव्ह यू. हा आर्मीचा नाही, मस्ट रिटर्न, म्हणाले."

आत चारही पुडं. घासून लख्ख. प्रत्येकाच्या बुडाला घोडीच्या पायाचा चौकोनी खड्डा. कडी नवीन बसवलेली, जुनी तुटली असणार.

फरीदने एक डबा हातात घेतला, अंगठा त्या खड्ड्यावरून फिरवला. म्हणाला, "सोमवारी माझ्या पोरांना हे सांगतो."

मी हौगांगला घरी गेलो आणि आईसमोर ओट्यावर पिशवी ठेवली. सगळं सांगितलं, हे आत्ता लिहिलंय ते सगळं. आईने चारही डबे उन्हाकडे धरून बघितले, खड्ड्यांवरून पदर फिरवला, कडी उघडझाप करून पाहिली. मग फडताळात ते सगळ्यात पुढे ठेवले आणि म्हणाली,

"किती सांभाळलंय बघ त्या माणसाने. तू तर पाण्याची बाटलीसुद्धा कधी परत आणली नाहीस."